ओटीएस चालू असताना घर विकायचं झालं तर

मी एका छोट्या कारखान्यात हिशेबनीस आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या पैशांच्या नोंदी ठेवायच्या, हे माझं काम. म्हणून आमचं स्वतःचं कर्ज बुडीत खात्यात गेलं तेव्हा लाज जास्त वाटली, पण एक फायदाही झाला. पहिल्या दिवसापासून मी वही ठेवली. डाव्या पानावर तारीख आणि कोणाशी बोलले ते, उजव्या पानावर काय ठरलं ते. पुढचं सगळं त्या वहीतलं आहे.

आमच्या ह्यांचं भोसरीत जॉबवर्कचं वर्कशॉप होतं. दोन लेथ, एक मिलिंग मशीन. चिंचवडचा आमचा टू बीएचके तारण ठेवून ४५ लाखांचं कर्ज काढलेलं, मी सहकर्जदार. मोठ्या गिऱ्हाइकाने ऑर्डर थांबवल्या, हप्ते थकले, ९० दिवस उलटले आणि खातं एनपीए झालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरफेसी कायद्याच्या (बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊन विकू देणारा कायदा) कलम १३(२) ची ६० दिवसांची नोटीस आली. जूनमध्ये बँकेचे लोक येऊन सांकेतिक ताब्याची, म्हणजे फक्त कागदोपत्री ताब्याची, नोटीस दारावर डकवून गेले. व्याज धरून येणं ५२ लाखांच्या वर गेलं होतं. ऑगस्टमध्ये ४१ लाखांवर ओटीएस, म्हणजे एकरकमी तडजोड मंजूर झाली. त्यासाठी घर विकणं भाग होतं.

परदेशात सामान्य माणसासाठी कोर्टाच्या देखरेखीखाली कर्जफेडीची योजना असते, असं ऐकून बरेच जण आपल्याकडेही तेच शोधतात. आपल्या २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी भाग आहे, पण तो लागू झालाय तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना, डिसेंबर २०१९ पासून. तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी व्यवहारात उरतात दोनच रस्ते: बँकेशी पुनर्रचना (हप्ते, मुदत नव्याने ठरवून घेणं) किंवा ओटीएस. पुनर्रचनेत हप्ते नियमित चालू असतील तर घर विकणं फार अवघड नाही. फोरक्लोजर लेटर (कर्ज आज मिटवायला किती लागतील याचं बँकेचं पत्र) घ्यायचं, खरेदीदाराच्या पैशातून कर्ज मिटवायचं, कागद सोडवायचे. खरी कसरत ओटीएसमध्ये आहे, म्हणून मी त्याबद्दलच लिहिते.

मंजुरीपत्र आधी नीट वाचा

बँकेचं ओटीएसचं पत्र चार पानी होतं. आमचे हे शेवटची रक्कम बघून ‘बरं झालं’ म्हणाले आणि सही करायला निघाले. मी दोन दिवस थांबवलं. त्यात बघायच्या गोष्टी अशा: कोणती रक्कम कोणत्या तारखेला, उशीर झाला तर व्याज किती, आणि हप्ता चुकला तर काय. आमच्या पत्रात स्पष्ट होतं की चुकलात तर सवलत रद्द, भरलेले पैसे मूळ कर्जात जमा, आणि ५२ लाखांचा दावा पुन्हा जिवंत. मग हे बघा: घर विकायला बँक लेखी संमती देणार का, जामीनदार मोकळे होणार का (आमचे धाकटे दीर जामीन होते), डीआरटीत (बँकांच्या कर्जवसुलीच्या न्यायाधिकरणात) किंवा चेक बाउन्सच्या केसेस असतील तर त्या कोण आणि कधी मागे घेणार. यातलं जे पत्रात नसेल ते सही करण्याआधी लेखी मागून घ्या. सहीनंतर तुमच्या पत्राला उत्तर यायला महिना लागतो.

आम्हाला ९० दिवस दिले होते. मी बँकेच्या वसुलीच्या साहेबांना म्हटलं, सहा महिने द्या, घर विकायला वेळ लागतो. ते म्हणाले, ‘मॅडम, तीन महिन्यांच्या पुढे माझ्या हातात नाही.’ तेव्हा मला तो बहाणा वाटला. नंतर कळलं की जून २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या तडजोडीच्या नियमांनुसार, पैसे भरायची मुदत तीन महिन्यांहून जास्त असली की ती तडजोड पुनर्रचना धरली जाते, आणि त्याचे नियम बँकेला जड जातात. तेव्हा मुदतीवर भांडण्यापेक्षा ती मुदत कधी सुरू होते त्यावर भांडा. खरेदीदार हाताशी असताना ओटीएसचा अर्ज टाकला तर निम्मा वेळ वाचतो. आम्ही उलटं केलं, आधी ओटीएस आणि मग खरेदीदाराची शोधाशोध. तुम्ही तसं करू नका.

अजून एक. ओटीएस हा हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्येच सांगितलंय. मुदतवाढीबद्दलही कोर्टाची भूमिका तशीच कडक आहे. ‘बघू, नंतर कोर्टातून वाढवून घेऊ’ असं सांगणारा कोणी भेटला तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

तारीख घेताना पंचांगही उघडा, हे मी हसून सांगत नाहीये. आमचं पत्र ५ ऑगस्टचं, नव्वदावा दिवस ३ नोव्हेंबर. वहीत लिहिताना लक्षात आलं, ३ तारखेला भाऊबीज, शिवाय रविवार. १ ला लक्ष्मीपूजन, २ ला पाडवा, बँका बंद. म्हणजे खरा शेवटचा दिवस ३१ ऑक्टोबर. तीन दिवस हवेत गेले. ते आधी कळलं म्हणून वाचलो.

बँकेची लेखी संमती: याच्याशिवाय टोकन घेऊ नका

१३(२) ची नोटीस आल्यावर बँकेच्या लेखी परवानगीशिवाय तारण मालमत्ता विकता येत नाही, भाड्यानेही देता येत नाही (नेहमीच्या व्यवसायाच्या ओघातले व्यवहार सोडून). कलम १३(१३) तेच सांगतं. ‘ओटीएस मंजूर झालं म्हणजे परवानगी आलीच की’ असं एजंट छातीठोकपणे सांगतात. तसं नाही. आम्ही वेगळं पत्र घेतलं: अमुक फ्लॅट, अमुक खरेदीदार, अमुक रक्कम, आणि ओटीएसची पूर्ण रक्कम जमा झाल्यावर बँक बोजा उठवून मूळ कागद देईल. या शेवटच्या वाक्यासाठी मी तीन फेऱ्या मारल्या, कारण खरेदीदाराची बँक नेमकं तेच वाक्य शोधते.

लिलावाची जाहिरात निघाली असेल तर गणितच बदलतं. २०१६ च्या दुरुस्तीनंतर पैसे भरून मालमत्ता सोडवायचा हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच टिकतो, त्यानंतर बँक ऐकेल त्यावर सगळं. म्हणून दारावर नोटीस लागली की हातपाय गाळून बसू नका, पण निवांतही राहू नका.

खरेदीदाराला काय सांगायचं

दारावरची नोटीस मी काढून ठेवली होती, पण चिकटवलेल्या कागदाचे चार पांढरे कोपरे दाराला तसेच राहिले. पहिलं गिऱ्हाईक येणार त्या सकाळी मी कोमट पाण्यात फडकं बुडवून ते पुसत होते. चमच्याच्या कडेने खरवडलं तर पॉलिशही निघालं आणि डाग जास्तच दिसायला लागला. त्या जोडप्याला आम्ही कर्जाचं काही सांगितलं नाही. त्यांना घर आवडलं, टोकनपर्यंत गोष्ट आली, मग त्यांच्या वकिलाने सर्च रिपोर्ट (घरावर कोणाचा बोजा आहे ते दाखवणारा अहवाल) काढला आणि त्यांनी फोन उचलणंच बंद केलं. अकरा दिवस त्यात गेले. नव्वदातले अकरा.

दुसऱ्या वेळेपासून मी दारातच सांगायला लागले. ‘घरावर बँकेचा बोजा आहे, तडजोड मंजूर आहे, हे पत्र, ही रक्कम, ही तारीख.’ दहातले सात जण तिथूनच परत गेले. पण जे तिघे थांबले ते खरोखर घेणारे होते. त्यातलंच एक तरुण जोडपं. दोघं नोकरीला, गृहकर्ज मंजूर झालेलं. ती मुलगी म्हणाली, ‘काकू, पत्राची झेरॉक्स मिळेल का? आमच्या बँकेत दाखवते.’ मला तेव्हाच कळलं, घर हीच घेणार.

त्यांना मी बँकेत नेलं. आमचे वसुलीचे साहेब, खरेदीदाराच्या बँकेचा लोन ऑफिसर आणि आम्ही दोन्ही जोडपी, एकाच टेबलाभोवती. अर्ध्या तासात जे ठरलं ते फोनवर महिनाभर ठरलं नसतं. ही बैठक घडवून आणणं तुमचंच काम आहे, एजंट ती लावत नाही.

झटपट पैसे देणारा

असा एक माणूस आमच्याकडेही आला. ५० लाख देतो, आठवड्यात मोकळे व्हा, पण त्यातले १५ रोख. आमचे हे डळमळले. मी गणित मांडलं. आमच्या फ्लॅटचं रेडी रेकनरचं, म्हणजे सरकारी, मूल्य ५७ लाख. विक्रीची किंमत त्या मूल्यापेक्षा फार कमी दाखवली, म्हणजे सरकारी मूल्य विक्रीच्या ११० टक्क्यांच्या वर गेलं, की कर सरकारी मूल्यावर लागतो. म्हणजे हातात ५० सुद्धा नाही आणि कर ५७ वर. शिवाय घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड होऊ शकतो. आणि मूळ मुद्दा, बँकेला रोख चालतच नाही. ओटीएसची रक्कम खात्यातूनच जावी लागते. माणूस परत गेला, जाताना ‘पस्तावाल’ म्हणाला. वहीत तेही लिहून ठेवलंय.

पैशांची वाट कागदावर काढा

व्यवहार ६३ लाखांना ठरला. मी एका कोऱ्या पानावर प्रत्येक रुपया कुठून कुठे जाणार ते काढलं आणि सगळ्यांच्या त्यावर सह्या घेतल्या.

टोकन २ लाख. ते आम्ही कर्ज असलेल्या बँकेत घेतलं नाही, दुसऱ्या बँकेतल्या खात्यात घेतलं. कारण कर्जाच्या बँकेला तुमच्या बचत खात्यातले पैसे थकबाकीपोटी वळते करून घेता येतात. आमचं तिथलं खातं आधीपासूनच होल्डवर होतं. टोकन हे परत करावं लागू शकणारे पैसे आहेत, ते अडकले तर तुम्ही दोघांचे देणेकरी होता. विसारपावतीत आम्ही अटही घातली: बँकेने संमती मागे घेतली तर टोकन १५ दिवसांत परत, व्याज नाही.

मग करारनाम्याच्या नोंदणीच्या वेळी खरेदीदाराचे स्वतःचे १३ लाख ३७ हजार, आणि ६३,००० टीडीएस. व्यवहार ५० लाख किंवा त्यावर असला की खरेदीदार १ टक्का कापून सरकारजमा करतो. पैसे बुडत नाहीत, तुमच्या पॅनवर जमा दिसतात, पण त्या दिवशी हातात येत नाहीत. नेमक्या बेताने जुळवलेल्या हिशेबात हे ६३,००० विसरलेली माणसं मी पाहिली आहेत.

उरलेले ४७ लाख खरेदीदाराचं गृहकर्ज. त्यातला ३६ लाख ९० हजारांचा डीडी थेट आमच्या बँकेच्या नावे, कारण ४ लाख १० हजार आम्ही ओटीएसच्या सुरुवातीला आगाऊ भरले होते, माझ्या पाटल्या मोडून. राहिलेले १० लाख १० हजार आम्हाला, पण केव्हा? घराचे मूळ कागद खरेदीदाराच्या बँकेत पोचल्यावर. म्हणजे घर रिकामं करून भाड्याच्या जागेचं डिपॉझिट आधी, पैसे नंतर. याची तजवीज वेगळी ठेवा. आम्ही टोकनचे २ लाख करारनामा होईपर्यंत जपून ठेवले आणि मग त्यातूनच डिपॉझिट भरलं.

सोसायटीचा मेंटेनन्स ३८,००० थकला होता. अध्यक्षांनी हस्तांतरणासाठी वर ‘स्वेच्छा देणगी’ सुचवली. हस्तांतरण अधिमूल्याची कमाल मर्यादा २५,००० आहे, तेवढे भरले, पावती घेतली, देणगीचा विषय ऐकू आला नाही असं दाखवलं.

डीडी कुणाच्या नावे?

हा भाग मी सगळ्यांना सांगते, कारण इथे आमचा सगळा डाव कोसळता कोसळता राहिला. खातं एनपीए झालं की फाईल पुष्कळदा नेहमीच्या शाखेतून वसुलीच्या वेगळ्या शाखेत जाते आणि कर्ज खात्याचा नंबरही बदलू शकतो. आमचा बदलला होता. आम्हाला कुणी कळवलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं. २२ ऑक्टोबरला खरेदीदाराच्या बँकेने जुन्या शाखेच्या, जुन्या नंबरचा डीडी काढला. काउंटरवरच्या मुलीने संगणकात बघितलं आणि म्हणाली, ‘हे खातं इथे दिसतच नाही.’ डीडी रद्द, नवा डीडी, त्यासाठी खरेदीदाराच्या बँकेत पुन्हा मंजुरी, त्यांचा अधिकारी दिवाळीच्या सुट्टीवर जायच्या बेतात. माझ्या वहीत २२ ते ३० ऑक्टोबरच्या पानांवर फक्त फोनच्या वेळा आहेत.

म्हणून डीडी काढण्याच्या निदान पंधरा दिवस आधी बँकेकडून लेटरहेडवर लिहून घ्या: डीडी कोणाच्या नावे, कोणती शाखा, कोणता खाते क्रमांक, आणि त्या तारखेला नेमकी भरायची रक्कम. फोनवर सांगितलेला नंबर चालवून घेऊ नका.

३१ तारखेला नरकचतुर्दशी. पहाटे अभ्यंगस्नान उरकून, अंगाला उटण्याचा वास तसाच घेऊन, आम्ही चौघं वसुली शाखेच्या शटरपाशी उभे होतो. सव्वाअकराला पावती मिळाली. तिच्यावर ‘ओटीएसची अंतिम रक्कम’ असे शब्द मी हाताने लिहून, शिक्का मारून घेतले. तेवढं करा. नुसती ‘जमा’ अशी पावती उद्या काहीही ठरू शकते.

पैसे भरल्यानंतरचा महिना

इथे बहुतेक जण ढिले पडतात. व्यक्तींनी घेतलेलं वैयक्तिक कर्ज पूर्ण फिटल्यावर किंवा त्याची तडजोड पूर्ण झाल्यावर ३० दिवसांत मूळ कागद देणं आणि बोजा उठवणं बँकेवर बंधनकारक आहे. १ डिसेंबर २०२३ पासून, उशीर बँकेचा असेल तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. मी हे वाक्य अर्जातच लिहिलं होतं. सत्ताविसाव्या दिवशी कागद मिळाले. तारण ठेवताना मिळालेली कागदांची यादी समोर ठेवून एकेक पान मोजून घ्या. आमच्यात जुन्या करारनाम्याची इंडेक्स टू (नोंदणीचा सारांश दाखवणारा उतारा) नव्हती, ती दुसऱ्या फाईलमध्ये सापडली.

सोबत नो ड्यूज दाखला, सरसाईवरच्या (तारणांची केंद्रीय नोंदवही) नोंदीतून तारण उतरवल्याचा पुरावा, आणि दुय्यम निबंधकाकडे तारणाची नोंद केलेली असेल तर ती मुक्त केल्याचा कागद. गहाणखत नोंदवलेलं असेल तर मोचनाचा, म्हणजे गहाण सुटल्याचा, दस्तही लागेल. हे खरेदीदाराला हवं असतं, आणि तो तुमच्यावर विसंबून पैसे अडवून बसलेला असतो.

क्रेडिट रिपोर्टमध्ये ‘क्लोज्ड’ नाही, ‘सेटल्ड’ लिहून येतं, कारण सवलत घेतली. याच्याशी भांडून उपयोग नाही. पण बाकी शून्य दिसतेय का आणि जामीनदार दिरांच्या रिपोर्टमध्ये नोंद बरोबर आहे का, हे बघा. प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. आणि तडजोड केलेल्या बँकेकडून निदान १२ महिने नवं कर्ज मिळणार नाही, हे धरून चाला.

आता कराचं, जे मला हिशेबनीस असूनही उशिरा उमगलं. ‘६३ मधले ४१ तर बँकेनेच नेले, मग नफा कसला?’ असं वाटतं. आयकर खातं तसं बघत नाही. स्वतः ठेवलेलं तारण सोडवायला भरलेले पैसे भांडवली नफ्यातून वजा होत नाहीत. आम्ही फ्लॅट २००९-१० मध्ये स्टॅम्प ड्यूटी धरून १९ लाखांना घेतला होता. सरळ ४४ लाखांच्या नफ्यावर १२.५ टक्के म्हणजे साडेपाच लाख. पण २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला निवासी व्यक्तीसाठी जुना पर्याय ठेवलाय: महागाई निर्देशांकाने खरेदी किंमत वाढवायची आणि २० टक्के. १४८ वरून ३६३, म्हणजे १९ चे ४६ लाख ६० हजार होतात, नफा १६ लाख ४० हजार, कर ३ लाख २८ हजार आणि वर सेस. दोन्ही करून बघा, कमी पडेल ते. दोन वर्षांत दुसरं घर घेणार असाल किंवा सहा महिन्यांत ठरावीक रोखे घेणार असाल तर सूट मिळते. आम्ही भाड्याने राहतोय, म्हणून कर भरला. टीडीएसचे ६३,००० त्यात वळते झाले. ही रक्कम पहिल्याच दिवशी वेगळी काढून ठेवा. ती तुमची नाही.

किल्ली देताना ताबापावती लिहा, आणि वीज मीटरचा आकडा दिसेल असा फोटो काढा, गॅसचाही. त्या मुलीने मीटरचा फोटो काढला, मग दारावरच्या चार पांढऱ्या कोपऱ्यांकडे बघून विचारलं, ‘काकू, हे कशाने जातं?’ मी म्हटलं, पॉलिशवाल्याला बोलाव, चमचा लावू नकोस.